पाणी सांडू नये

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून लाल भाग तळाशी बसवणारं सेंट्रिफ्यूज प्रयोगशाळेत एकच होतं, आणि त्याला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. भिंतीकडच्या टोकाला सुरू केलं, की फेरा संपेपर्यंत ते टेबलावरून सरकत सरकत खिडकीशी पोचलेलं असे. वाटेतले हिसके नळ्यांतल्या रक्तालाही बसत. वेगळं झालेलं पुन्हा एक होई, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला बाही पुन्हा वर करायला सांगावं लागे. हे सांगायचं काम प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं. रोज कुणाची ना कुणाची बोलणी खाऊन त्यांच्या नाकी नऊ आले होते.

बाईंना सगळे मागून ‘दशांश’ म्हणत. चहात साखर किती, असं कुणी विचारलं तर त्या ‘दीडला जरा कमी’ असं म्हणत, आणि ते खरोखर दीडला जरा कमी असे. यंदा त्यांना नव्या यंत्राची मंजुरी मिळाली होती. वर्ष संपायच्या आत खरेदी झाली नाही तर ती रद्द होणार होती. म्हणून निविदेसाठी तांत्रिक तपशील लिहायला बसल्यावर त्यांनी पहिलीच ओळ लिहिली: ‘यंत्र सुरू असताना जागचे हलू नये.’

खरेदीसाहेबांनी ती लाल पेनाने खोडली. साहेब माणूस सज्जन, पण इतरांचा नातवंडांवर असतो तसा त्यांचा नियमांवर जीव. न हलणं मोजायचं कशात, असं त्यांनी विचारलं. बाईंनी कंपनाचा आकडा दिला. तर तो आकडा एकच कंपनी आपल्या माहितीपत्रकात छापते असं निघालं, आणि निदान तीन कंपन्या बसतील असाच तपशील लिहायचा, हा नियम. बाईंनी डोक्याला हात लावला.

जेवताना त्यांनी घरी ही रडकथा सांगितली. सासूबाईंना त्यात काही अवघड वाटलं नाही.

“अगं, मिक्सर घेतला तेव्हा मी दुकानातच सुरू करायला लावला आणि शेजारी, त्याच फळीवर, पाण्याने भरलेला पेला ठेवला. सांडलं असतं तर घेतला नसता.”

“आई, तीन मिक्सर बघितले होतेस ना?” बाईंच्या नवऱ्याने विचारलं. “नाहीतर ती खरेदी बेकायदा.”

“तुझ्या वेळी कुठे तीन मुली बघितल्या? एकच बघितली, आणि तीसुद्धा तपशील न लिहिता.”

बाई तोवर हात धुऊन कागद आणायला गेल्या होत्या.

नवी अट अशी झाली: यंत्रावर काठोकाठ भरलेला पेला ठेवून दहा मिनिटांचा फेरा करून दाखवावा. पाणी सांडू नये. साहेब बेहद्द खूश झाले. सांडलं की नाही हे कुणालाही दिसतं, आणि प्रयत्न कुठलीही कंपनी करू शकते.

मग कंपन्यांच्या प्रतिनिधींची शंका विचारायची बैठक झाली. एकाने काठोकाठ म्हणजे नेमकं कुठवर, असं विचारलं. त्यावर एकमत होईना, म्हणून ‘काठोकाठ’ जाऊन ‘निदान अर्धा’ आलं. दुसऱ्याला पेल्याचा आकार अन्यायाचा वाटला, म्हणून ‘पेला’ जाऊन ‘भांडे’ आलं. तिसऱ्याने, हे भांडं कुणाचं, एवढंच विचारलं, आणि साहेबांचे डोळे चमकले. भांडं सरकारी चाचणीचं. ते रीतसर खरेदी व्हायला हवं. बाईंनी स्वतःच्या डब्याबरोबरचा पेला देऊ केला. खाजगी पेल्यावर निकाल दिला तर उद्या चौकशी लागेल, असं सांगून साहेबांनी तो नम्रपणे परत केला.

भांड्याची निविदा निघाली. बाईंनी आकारमान, उंची, वजन सगळं दशांशापर्यंत लिहिलं. सर्वांत कमी दराचं भांडं आलं ते तपशिलात तंतोतंत बसणारं. तळाला घट्ट चिकटणारं रबर होतं आणि वर फिरकीचं झाकण. झाकण नसावं, हे लिहायचं राहून गेलं होतं. बाईंनी ते भांडं उलटं धरून पाहिलं. थेंब पडला नाही.

“आता कुठलंही यंत्र पास होईल, साहेब,” त्या म्हणाल्या.

“मग स्पर्धा चांगली होईल,” साहेब म्हणाले.

चाचणीच्या दिवशी पहिलं यंत्र ढिम्म हललं नाही. दुसरं घुमलं, पण जागेवर राहिलं. तिसरं सर्वांत स्वस्त होतं, म्हणजे पास झालं तर तेच घ्यावं लागणार. ते सुरू होताच टेबलावरून निघालं. समितीतले सगळे नियमाप्रमाणे भांड्याकडे बघत होते, आणि भांडं हत्तीवरच्या अंबारीसारखं ऐटीत येत होतं. साहेब टेबलाच्या टोकाला नोंद करत बसले होते. ‘पाणी सांडले नाही’ एवढं लिहून त्यांनी वर पाहिलं, तर यंत्र अर्धं टेबलाबाहेर. त्यांनी पेन टाकून त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

“बंद करा हे,” साहेबांचा आवाजही थरथरत होता.

बटण समोरच्या बाजूला आहे आणि समोरची बाजू आपल्या पोटाशी आहे, असं कंपनीचा प्रतिनिधी अदबीने म्हणाला. हवं तर प्लग काढतो.

“काढा,” बाई म्हणाल्या. “पण फेरा अपुरा राहिला तर तिन्ही कंपन्यांना नवी तारीख द्यावी लागेल. नियम आहे ना, साहेब?”

नियम होता. साहेबांनी डोळे मिटले आणि फेरा संपेपर्यंत यंत्र धरून ठेवलं. गालांपासून पोटापर्यंत त्यांचं सगळं हलत होतं. भांड्यातलं पाणी मात्र सुखरूप होतं.

यंत्र थांबलं तेव्हा त्यांचा चष्मा हनुवटीवर आला होता. प्रतिनिधीने आनंदाने हात पुढे केला. “पास झालं, साहेब.” नोंदवही आता बाईंपुढे होती. खोटं लिहिणं त्यांना जमत नसे.

“पाणी सांडलं नाही, हे लिहिलेलं आहेच,” त्या म्हणाल्या. “यंत्र कुणी धरलं होतं, तेही लिहू का?”

साहेबांनी चष्मा वर चढवला. त्यांचे हात अजून थरथरत होते, पण चेहऱ्यावर हळूहळू तेज येऊ लागलं. सर्वसाधारण अटींचं शेवटचं पान, जे त्यांच्याशिवाय कुणीच वाचलेलं नव्हतं, त्यांनी उघडलं आणि मोठ्याने वाचलं: “चाचणीच्या वेळी खात्याच्या कर्मचाऱ्याने कोणत्याही प्रकारे मदत केल्यास ती कंपनी बाद समजावी.”

प्रतिनिधीचा हात पुढे केलेला तसाच राहिला.

“लिहा, बाई,” साहेब म्हणाले. “खरेदी अधिकाऱ्याने यंत्रास मदत केली.”

“कोणत्या प्रकारे?”

“मिठी लिहू नका. वर जाईल कागद.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन्ही हातांनी, छाती व पोट यांचा आधार देऊन.

साहेबांनी ते वाचलं, मान डोलावली आणि खाली सही केली. ती सही काही त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही.