नापास

कंपनीत तिला सगळे कात्री म्हणत, आणि तिला ते आवडायचं. दम्याच्या रुग्णांना औषधाची वाफ देणारी नेब्युलायझर मशिनं तिथे बनत, आणि प्रत्येक खोक्यात जाणारं इंग्रजी माहितीपत्रक ही लिहायची. लिहायची कसली, कापायची. इंजिनिअर लोक चार पानं पाठवत, ही त्याचं एक पान करी आणि वर विचारी, "अजून कुठे चरबी दिसतेय का?"

तिचा हातखंडा होता क्रियापदांची जोडणी. इंजिनिअर लिहिणार, "रिमूव्ह इट. देन वॉश इट." ही करणार, "रिमूव्ह अँड वॉश इट." कामं दोन, 'इट' एकच. नव्या मुलींना ती ठासून सांगायची, "आपण मराठीत 'काढून धुवा' म्हणतो. त्यातला 'ऊन'च सांगतो, आधी काढा, मग धुवा. इंग्रजीच्या 'अँड'ला एवढी अक्कल नाही. तो फक्त दोघांना शेजारी बसवतो. कोण आधी, कोण नंतर आणि ते 'इट' म्हणजे नक्की काय, हे वाचणाऱ्याला आपोआप कळलं पाहिजे. ते कळवणं म्हणजे आपली नोकरी." मुली माना डोलवत. तिचं चुकतं असं कुणी म्हणत नसे, कारण चुकलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि तिच्याकडे पुरावा होता. कंपनीचा नियम असा की पत्रक छापण्याआधी ज्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने, कुणालाही काही न विचारता, नुसतं वाचून मशीन चालवून दाखवायचं. कात्रीने या कामाला थेट सासूबाईंना बसवलं होतं. सासूबाईंनी तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं लावली होती. इंग्रजी पत्ते त्या झरझर वाचत, साधी वाक्यं बोट ठेवून वाचत. वाचणारी माणसं बहुतेक अशीच असतात, म्हणून कात्रीला त्या सोन्यासारख्या वाटत. जेवणाच्या टेबलाशी सासूबाई बसायच्या, समोर कात्री हाताची घडी घालून, तोंडातून अवाक्षर न काढता. तीन वर्षांत अकरा पत्रकं झाली आणि अकराही पहिल्या फटक्यात पास. साहेबांनी त्यावरच तिला विभागप्रमुख करायचं ठरवलं होतं.

बारावं पत्रक नव्हतंच, कार्ड होतं. मशीनच्या झाकणावर चिकटवायचं, तळहाताएवढं. घरात दुसरं कुणी नसताना दम लागून वाफ घेतली, तर नंतरची आवराआवर पुस्तकात कोण शोधणार, म्हणून ती सगळी आठ ओळींत. कात्रीने त्यात जीव ओतला होता. पहिली ओळ, औषधाचा कप रिकामा झाला का ते बघा. दुसरी, मशीन बंद करा. तिसरी तर तिला इतकी आवडली होती की तिने ती आंघोळ करताना म्हणून पाहिली होती: "लिफ्ट अँड रिन्स इट." उचलून धुवा. चार शब्द!

सकाळी साडेदहाला चाचणी सुरू झाली. सासूबाईंनी चष्मा पुसला, कार्ड वाचायला घेतलं, आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला. छापखानेवाला खोळंबलाय, कार्ड झालं का? "झाल्यात जमा आहे," म्हणत कात्री खिडकीशी गेली आणि टेबलाकडे पाठ करून बोलू लागली. कागद कुठला, शाई कुठली, सगळं बोलणं झालं. मग स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. सासूबाई सिंकपाशी उभ्या होत्या. हातात कप नव्हता. अख्खं मशीन होतं, आणि त्याची वायर ताणून अजून भिंतीतल्या प्लगला लागलेली होती. पाण्याची धार मशीनपासून चार बोटांवर पडत होती.

"आई!" कात्री किंचाळली आणि धावत जाऊन तिने प्लग उपटला.

सासूबाई दचकल्या. नळ बंद केला, मशीन ओट्यावर ठेवलं आणि कार्ड पुढे धरलं. "अगं, लिहिलंय तेच केलं. मशीन बंद करा, उचला, धुवा. मलाही जरा विचित्रच वाटलं."

कात्रीने कार्ड वाचलं. दुसऱ्या ओळीत मशीन, तिसरीत 'इट'. 'इट' म्हणजे कप, हे फक्त तिच्या डोक्यात होतं. प्लग काढा म्हणायचं तर तिने जागा वाचवायला सोडूनच दिलं होतं. तरी ती म्हणाली, "पण आई, याआधी तुम्ही कधीच चुकला नाहीत."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"याआधी तू समोर असायचीस," त्या म्हणाल्या. "माझा हात चुकीकडे निघाला की तू श्वास धरतेस. बरोबर जागी गेला की तुझे खांदे खाली येतात. तुला नाही ठाऊक, पण मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहतेय. वाचायचे मी, नाही असं नाही. पण अडलं की तुझ्याकडे बघायचे."

"अकराही वेळा?"

"रात्र रात्र जागून लिहायचीस गं. नापास कशी करू?"

कात्री खुर्चीत बसली. अकरा पत्रकं किती घरांत गेली असतील, आणि त्यातल्या किती घरांत समोर कुणी बसलेलं नसेल? तिला स्वतःचा भयंकर राग आला. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने फोन उचलला.

"साहेब, कार्ड छापू नका. आणि आधीची अकरा पत्रकंही पुन्हा तपासायची आहेत. त्या चाचण्या खोट्या होत्या. चूक माझी आहे."

"अहो, वर काय सांगू मी? सोमवारी तुमच्या नावाची घोषणा आहे!"

"ती पुढे ढकला, नाहीतर रद्द करा. पत्रकं थांबवा."

तिने फोन ठेवला तेव्हा सासूबाई मशीन फडक्याने कोरडं करत होत्या. "आता दुसरी कुणी बघशील तपासायला," त्या खाली बघत म्हणाल्या. "बरोबरच आहे तुझं."

"तुम्हीच बसायचं," कात्री म्हणाली आणि तिने कपाटातून दुसरं, जुनं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "मी आत जाते. हे बिघडलेलं मशीन आहे, वायर कापून टाकलेलं. यावर काहीही करा, पण मला हाक मारायची नाही."

तिने तीन ओळी बदलून कार्ड हातात दिलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पलंगावर बसवेना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कार्ड उचलल्याचा, मग काहीच नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. पाचव्या ओळीशी अडल्या असतील, तिला वाटलं. नुसतं दार उघडलं असतं तरी काम झालं असतं. ती दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसली.

"अगं ए!" बाहेरून खणखणीत आवाज आला. "नापास!"

"कुठे अडलं?"

"पाचव्या ओळीत. नळी कुठली ओढायची ते कळेना, आणि भीती वाटली गं मला."

"आधी कधी वाटली नव्हती?"

"आधी तू होतीस ना समोर."

कात्रीने मांडीवर कागद घेतला आणि पाचवी ओळ पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. या वेळी तिने शब्द मोजले नाहीत.