कोकरू कुणाचं?

मॉलेक्युलर बायॉलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा म्हणजे काय काय लागतं, ते बानूला विचारा. बी.एस्सी. पाहिजे, तीही जीवशास्त्राच्या विषयांची. सोबत केमिस्ट्री पाहिजे, आणि नुसती पहिल्या वर्षाची केमिस्ट्री चालत नाही. मग प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. बरं, एवढं करून आत शिरलात तरी डिग्री काही कुणी आणून हातात ठेवत नाही. शेवटच्या सत्रात स्वतः प्रयोग करायचे, त्यावर प्रबंध लिहायचा, आणि बाहेरगावचा परीक्षक येईल त्याच्यापुढं उभं राहून एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचं. त्याला पटलं तर डिग्री. नाही पटलं तर ते सत्र पुन्हा.

बानू देवगाव रंगारीकडच्या धनगराची पोर. गावातल्या शहाण्यांनी बी.एस्सी.च्या वेळीच बजावलं होतं, की पोरी, केमिस्ट्रीच्या नादी लागू नको, भूगोल घे, मार्क पडतात. पण बानू कसली ऐकतेय! तिनं केमिस्ट्री घेतली, रडतखडत का होईना निभावली, आणि एम.एस्सी.च्या मुलाखतीला जाऊन बसली. हाच विषय कशाला पाहिजे, असं समितीनं विचारलं. ती म्हणाली, "आमच्या एकाच मेंढीला एक कोकरू काळं झालं अन् एक पांढरं. असं का, ते मला अजून कुणी नीट सांगितलं नाही." समितीतले लोक हसले. हसले, पण तिला घेतलं.

शहरात ती पुंडलिकनगरला आवडाबाईंच्या घरात एक खोली घेऊन राहायची. आवडाबाईंना सगळ्या जगाच्या चौकशा. बानूच्या आईचं नाव म्हाळसाबाई आहे हे कळलं, त्या दिवशी तर त्यांना हसू आवरेना. "आई म्हाळसा अन् लेक बानू! अगं, तुझ्या बापानं नावं ठेवताना खंडोबाची परवानगी घेतली व्हती का नाय?" मग लगेच पुढचा प्रश्न, की तू दिवसभर त्या कॉलेजात करतीस तरी काय?

बानूनं सांगितलं, "काकू, आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक डीएनए असा असतो, की तो फक्त आईकडून येतो. तिला तिच्या आईकडून आलेला, तिच्या आईला तिच्या आईकडून. बापाचा त्यात काही हात नसतो."

"अस्सं! म्हंजी नाव बापाचं अन् माल आईचा!" आवडाबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी बानूला आणखी एक भाकरी वाढली.

याच डीएनएवर बानूचा प्रबंध होता. तिच्या बापाच्या, मुंजाबाच्या, कळपात मेंढ्यांची आईकडून चालत आलेली घराणी किती, हे शोधायचं. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर घेऊन ती कळपावर गेली, मेंढ्यांचं रक्त घेतलं. आपली पद्धत बरोबर आहे का याचा पडताळा म्हणून डझनभर कोकरंही घेतली. साधी गोष्ट आहे. कोकराचा तो डीएनए आणि त्याच्या आईचा डीएनए तंतोतंत सारखा यायला पाहिजे. तसा आला, म्हणजे आपला हात स्वच्छ. एकेक कोकरू धरायचं, "हे कुणाचं?" म्हणून विचारायचं, म्हाळसाबाई मेंढीचं नाव सांगायची, बानू नळीवर लिहायची. सगळं कसं झटपट झालं.

आणि मग निकाल आले. सगळ्या जोड्या जुळल्या, एक सोडून. तांबड्या कानाचं एक कोकरू होतं, भिंगरी नावाच्या मेंढीचं. त्याचा डीएनए भिंगरीशी जुळेचना. थोडाथोडका फरक नव्हता, घराणंच वेगळं दिसत होतं.

तिच्या मार्गदर्शक औताडे मॅडम. बाई मनानं चांगल्या, पण कामात चूक दिसली की त्यांचा पारा चढायचा. "तुझ्या नळ्या बदलल्यात बानू. आणि पडताळ्यातच चूक असेल, तर बाकीच्या कामावर परीक्षकानं विश्वास का ठेवावा? मी नसता ठेवला."

बानूनं तोच नमुना पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केला, पुन्हा तेच! हैदराबादच्या एका संस्थेत तिला पीएच.डी.ची जागा मिळाली होती, पण अट होती. जुलैच्या आत एम.एस्सी.चा निकाल हातात पाहिजे. सत्र पुन्हा करायची वेळ आली, की ती जागा गेली. आणि धनगराच्या पोरीला असली जागा दुसऱ्यांदा कोण देतंय?

तिच्या वर्गातला त्रिंबक म्हणाला, "येडी का खुळी तू? काढून टाक ना ती एक जोडी. बाकीच्या जुळल्यात तेवढ्या दाखव. कोण बघायला येतंय तुझ्या बापाच्या मेंढ्या?"

खोटं कशाला सांगा, बानूच्याही मनात ते आलंच होतं. कॉम्प्युटरवर तक्ता उघडून त्या ओळीवर ती किती वेळ बसून राहिली. ओळ पुसायला लागतं काय, एक बोट. पण तेवढ्यात तिच्या डोक्यात एक किडा वळवळला, आणि तो किडा एकदा वळवळायला लागला की ही पोरगी जेवायची पण नाही. नळ्या बदलल्या म्हणजे काय? एकीची दुसरीच्या जागी, अन् दुसरीची पहिलीच्या. मग जोड्या दोन बिघडायला पाहिजेत. इथं तर एकच बिघडलीय! म्हणजे नळ्या बदललेल्याच नाहीत. नळी बरोबर, मशीन बरोबर. मग चूक कुठंय? आणि हे कोकरू भिंगरीचं नाही, तर आहे तरी कुणाचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बस धरली. मुंजाबाचा कळप तेव्हा दौलताबादच्या खाली एका बागायतदाराच्या रानात बसवलेला होता. कांदा निघालेलं रान, खताला मेंढ्या बसवायच्या अन् बदल्यात धान्य घ्यायचं, असा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. म्हाळसाबाई पालापुढं चुलीशी होती. पोर अशी अवचित आलेली बघून तिला वाटलं, काय इपरीत घडलं की काय.

"काय नाय गं आई. ते तांबड्या कानाचं कोकरू कुणाचं?"

"सांगितलं व्हतं की. भिंगरीचं."

"नीट आठव. माझं मशीन नाय म्हणतंय."

म्हाळसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुझ्या मशीननं पाजलंय व्हय त्याला? बघ तिकडं."

तिकडं भिंगरी उभी होती, आणि तांबड्या कानाचं कोकरू तिच्या खाली घुसून ढुशा देत होतं, शेपूट नुसतं तुरूतुरू हलत होतं. चांगलं मोठं झालं होतं आता. भिंगरी मान वळवून त्याचं बूड हुंगत होती. बानू बघत राहिली, आणि आईचा एक शब्द तिच्या कानात अडकला.

"पाजलंय म्हंजी? जन्म कुणी दिला?"

"मोरीनं. मोरी मेली नाय का याला टाकून? त्याच दिवशी भिंगरीचं कोकरू गेलं. मग भिंगरीच्या मेल्या कोकराचं कातडं याला पांघरलं, वासानं तिला आपलं वाटावं म्हून. दोन दिवस हुंगलं तिनं, मग घेतलं की पदराखाली. आता कातडं काढूनबी लई दिवस झाले."

अगं आई गं! ही रीत बानूला माहीत नव्हती असं थोडंच होतं? लहानपणी कातडं बांधताना कोकरू घट्ट धरायचं काम तिचंच असायचं. तरी रक्त घेताना "हे कुणाचं?" एवढंच विचारून ती मोकळी झाली होती. एखाद्या शहरातल्या पोरीनं "याला जन्म कुणी दिला?" असं स्पष्ट विचारलं असतं. तिला स्वतःचा असा राग आला, की सांगता सोय नाही. आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

पण नुसत्या आईच्या सांगण्यावर परीक्षक थोडाच गप्प बसणार? पुरावा पाहिजे. मोरी तर मातीत गेली. पण मोरीची एखादी लेक कळपात असेल, तर तिच्यात आणि या कोकरात तोच डीएनए निघायला पाहिजे.

"मोरीची थोरली लेक कंची?" तिनं विचारलं, आणि नवराबायकोची जुंपली. म्हाळसाबाई म्हणाली, ती फाटक्या कानाची. मुंजाबा म्हणाला, काय बी बोलू नको, ती लंगडी.

"लंगडी? लंगडी इकत घेतलीय तुमी, बाजारातून!"

"इकत घेतली ती येगळी. ही घरची हाय. जलमभर मेंढरामागं फिरलो, मला शिकवती!"

"फिरला अन् निम्मा येळ झोपला!"

बानूनं हात जोडले, डॉक्टरांना फोन केला, आणि दोन्ही मेंढ्यांचं रक्त घेतलं. पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. प्रबंध द्यायची तारीख आली-आली म्हणेपर्यंत निकाल आला. फाटक्या कानाची जुळली नाही. लंगडी जुळली, शेवटच्या अक्षरापर्यंत. मुंजाबाला कळलं तेव्हा तो बागायतदाराच्या बांधापर्यंत जाऊन चार लोकांना सांगून आला. म्हाळसाबाईनं त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा दिला नाही.

औताडे मॅडमनी निकाल दोनदा बघितला. म्हणाल्या, "मी तुझ्या हाताला उगाच दोष दिला." आणि पुढं म्हणाल्या, "पण परीक्षक मला ठाऊक आहेत. तयारी ठेव."

परीक्षक होते डॉ. ढवळे. कडक माणूस. चष्म्यावरून बघायची सवय. बाकीचा प्रबंध त्यांनी भराभर उलटला, आणि नेमके त्या ओळीवर येऊन थांबले.

"ही जोडी जुळत नव्हती. गाळली असती तर तुमचा पडताळा शंभर टक्के आला असता. ठेवलीत कशाला?"

"सर, ती गाळली असती तर हे कोकरू कुणाचं ते मला कधी कळलंच नसतं."

ढवळे हसले नाहीत. "असं बघा. तुम्ही मेंढपाळांच्या घरात वाढलात. मेंढी मेली की कोकरू दुसरीला लावतात, ही रीत तुम्हाला माहीत होती. मग नमुने घेताना तुम्ही विचारलं कसं नाही? हा साधा निष्काळजीपणा आहे. असा निष्काळजीपणा करणाऱ्या विद्यार्थ्याला मी पास का करावं?"

औताडे मॅडमनी मान खाली घातली. बानूच्या डोक्यात पाठ करून ठेवलेली उत्तरं होती, इंग्रजीतली, एकापेक्षा एक चांगली. त्यातलं एकही तोंडात येईना. जे आलं ते मराठीतच आलं.

"सर, मी तान्ही असताना आईला मुदतीचा ताप आला. दूधच आटलं तिचं. माझ्या चुलतीला, भागूबाईला, तेव्हा लेकरू होतं. तिनं मला पाजलं, आई बरी झाली तरी पुढं वर्षभर पाजलं. मी तिला भागूआई म्हणते. आमच्या वस्तीवर कुणी विचारलं की ही पोर कुणाची, तर निम्मे लोक तिचंच नाव सांगतात. त्यांना कुणी चूक म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नाही." तिनं समोरच्या प्रबंधावर बोट ठेवलं. "म्हणून आईनं भिंगरीचं नाव सांगितलं तेव्हा मला ते चुकीचं वाटलंच नाही, सर. शास्त्राच्या हिशेबानं चूक आहे. ती माझीच चूक आहे. ती मी प्रबंधात लिहिलीय."

ढवळ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पान उलटलं. तिनं खरंच लिहिलं होतं, आपली चूक काय आणि कशामुळे झाली ते, सगळं.

"जिथं जिथं आई लिहिलंय तिथं जन्म देणारी असं लिहा," ते म्हणाले. "एवढी दुरुस्ती आजच करून द्या. मी सही करतो."

बानूला आधी कळलंच नाही. मॅडमनी खुणावलं तेव्हा कळलं, आणि मग ती बाहेर कशी आली, दार लावलं की नाही, काही आठवत नाही. त्रिंबक विचारायला धावत आला, त्याला तिनं हातानंच थांबवलं. भिंतीला टेकून तिनं फोन लावला. पलीकडं मेंढरांचा कालवा, आणि त्यातून भागूबाईचा खणखणीत आवाज.

"काय गं बानू? झाली का परीक्षा?"

"झाली. पास झाले."

"आग्गं माझे बाय!" भागूबाई रडायलाच लागली. रडता रडता मध्येच थांबून तिनं दटावलं, "अगं पण आधी आईला सांगायचं ना!"

"आधी आईलाच सांगतीय की," बानू म्हणाली.