‘हुकूमशहा’चं कार्ड

आमच्या कोशाच्या कार्यालयात प्रमुख संपादकांना पाठीमागे सगळे ‘खुद्द’ म्हणत. त्यांचं एकच पालुपद असे, "खुद्द मी पाहिल्याशिवाय एकही शब्द छपाईला जाणार नाही." प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, आणि खाली उजव्या कोपऱ्याशी त्यांची सही. तो कोपरा जरासा कापलेला असे, म्हणजे खणात कार्ड उलटं जाऊ नये. खिडकी किती उघडायची तेसुद्धा तेच ठरवत. तीस वर्षं ते त्या खुर्चीत, त्यातली वीस वर्षं मी त्यांची सहायक. पन्नाशी उलटली तरी त्यांच्या लेखी ‘पोरी’च. माणूस तिरसट, पण माझा जीव होता त्यांच्यावर, उगाच कशाला लपवू?

शेवटचा, ‘ह’चा खंड शनिवारी छापखान्यात द्यायचा होता. नाही दिला तर कोशाला पैसे पुरवणारं मंडळ काम बंद करणार, म्हणजे त्यांचा जन्मभराचा कोश एका अक्षरापायी अपुरा राहणार. चारशे कार्डं सहीवाचून पडून होती आणि खुद्द दिवसाला दहाच्या वर जात नव्हते. कारण मला ठाऊक होतं. मागे एका गठ्ठ्याचा भलताच कोपरा कापला गेला, तेव्हा खुद्दांनी चाळीस कार्डांवर उलट्या सह्या ठोकल्या होत्या. ते अंगठ्याने कोपरा चाचपून सही करत होते. डोळ्यांनी कधीच दगा दिला होता. मी ती कार्डं घरी नेऊन पुन्हा लिहून काढली आणि नव्याने सहीला ठेवली. चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी ‘हुकूमशहा’ची पाळी आली.

"वाच," ते म्हणाले. हल्ली ‘कानाला कसं लागतं बघू’ म्हणत ते सगळं माझ्याकडून वाचून घेत.

"हुकूम अरबी, शहा फारसी. ज्याचा शब्द हाच कायदा, असा सत्ताधीश."

"एवढंच? रोमचं टाक की! तिथे संकट आलं की एकाच माणसाच्या हाती सगळा कारभार देत. पण जास्तीत जास्त सहा महिने. मुदत सरली की पायउतार. डिक्टेटर हा मुळात नेमणुकीचा शब्द, पोरी. शिवी नंतर झाली."

"सहाच महिने?" माझ्या तोंडून निसटलं. "आणि आपल्याकडे तीस वर्षं!"

बोलले आणि जीभ चावली. पण खुद्द रागावले नाहीत. बराच वेळ कार्डावरून अंगठा फिरवत बसले.

"ती कार्डं तू पुन्हा लिहिलीस ना?" शेवटी त्यांनी विचारलं. "‘हत्ती’ मला दोनदा वाचून दाखवलास. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली."

"सर, तुमचं मन मोडवेना." मला रडू आवरेना.

"माझ्या मनाचं काय घेऊन बसलीस? खंड अडलाय." त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "कर सही. माझी नको, तुझी. चूक निघाली तर लोक तुला धारेवर धरतील. सवय कर."

दोन दिवस मी सह्या करत होते आणि ते समोर बसून कानाने चुका पकडत होते. दहा-बारा पकडल्याही. शनिवारी दुपारी खंड छापखान्यात गेला.

पाच वाजता खुद्द खुर्चीतून उठले, भिंत धरत दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. तीस वर्षांत या माणसाने तिथे कुणाला विचारून काही केलं नव्हतं.

"मी निघू का आता?" त्यांनी मला विचारलं.

मला ‘हो’ म्हणवेना.