१९४८च्या रायलीचं स्टिअरिंग

रोलंड ऑर्टनची जुनी रायली गाडी आता जवळजवळ जशी कारखान्यातून निघाली असेल तशी झाली होती. रंग, कातडी सीटा, दिव्यांच्या काचा, सगळं त्या काळातलं. खटकत होतं ते फक्त स्टिअरिंग. आधीच्या मालकाने कधीतरी हौसेने शर्यतीच्या गाडीसारखं छोटं काळं चाक बसवलं होतं. रोलंडला हवं होतं मूळचं, मोठं, तारांच्या आऱ्यांचं, तपकिरी कड्याचं. नवी नक्कल मिळत होती, पण कड्याचा रंग पाहूनच त्याला ती नकोशी वाटे. जुनी मिळत, ती तडकलेली.

मग जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी ट्रेव्हर बोलता बोलता म्हणाला, की डेनिस वॅगस्टाफच्या गॅरेजमध्ये तसं एक अख्खं चाक पडून आहे म्हणे.

डेनिस रोलंडचा जुना दोस्त. दोघांनी कॉव्हेंट्रीत एकाच कारखान्यात उमेदवारी केली होती, नंतर किती इंजिनं मिळून खोलली होती. पण डेनिसला कंपवात झाला, त्याने गाडी विकली, आणि तेव्हापासून रोलंड त्याच्याकडे फिरकला नव्हता. त्याचे थरथरणारे हात बघून काय बोलावं, हे त्याला सुचत नसे. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष उलटून गेलं होतं.

आता मात्र तो लगेच निघाला. वाटेत पेट्रोल पंपावर लिंबाचा केक घेतला, म्हणजे आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं दिसेल.

दार डेनिसच्या बायकोने, हेझलने उघडलं. क्षणभर ती नुसती बघतच राहिली. मग आत वळून तिने मोठ्याने सांगितलं, "डेनिस, बघ कोण आलंय!" तिने चहा केला, हॅमची सँडविचेस केली, ठेवणीतल्या बश्या काढल्या. डेनिस खिडकीशी बसला होता. झाकणाच्या कपातून चहा पीत होता आणि एकेक शब्द सावकाश बोलत होता. रोलंड मान डोलावत होता, पण त्याची नजर सारखी खिडकीबाहेर, गॅरेजच्या दाराकडे जात होती.

तू बसलाच आहेस तर मी औषधं घेऊन येते, असं सांगून हेझल बाहेर पडली. रोलंडने घसा साफ केला आणि रायलीचा विषय काढला. सगळं झालं, एक स्टिअरिंग तेवढं राहिलंय, असं सहज आठवल्यासारखं म्हणाला.

डेनिसने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "गॅरेजमध्ये मधल्या फळीवर आहे," तो म्हणाला. "ब्लँकेटात गुंडाळलंय. घेऊन जा."

चाक सुरेख होतं. कड्याला एकही तडा नव्हता. रोलंडने पैशांचं विचारलं, डेनिसने नको म्हणून मान हलवली. रोलंडने ते घाईघाईने गाडीच्या डिकीत ठेवलं. तेवढ्यात हेझल परतली आणि तिने त्याचा हात धरला.

"क्लबमधलं कुणी, कुणी म्हणजे कुणी आलं नाही रे," ती म्हणाली. "तू आलास. मी विसरणार नाही हे."

रोलंडला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. येतो म्हणून तो निघाला.

घरी त्याने चाक गॅरेजमधल्या कामाच्या टेबलावर ठेवलं, पण बसवायला हात धजेना. गॅरेजमध्ये जाई आणि तसाच परत येई. शेवटी आठवड्याने तो ते घेऊन पुन्हा वॅगस्टाफांच्या दारात उभा राहिला. हेझल चहा करायला गेल्यावर त्याने दार लोटलं आणि खालच्या आवाजात सांगून टाकलं, की मी तुला भेटायला नव्हतो आलो, ह्याच्यासाठी आलो होतो.

"ठाऊक आहे," डेनिस म्हणाला. "ट्रेव्हरला मीच म्हटलं, तुझ्या कानावर घाल."

रोलंड चाक मांडीवर घेऊन खुर्चीत टेकला.

"बाकीच्यांना काय हवंय ते मला माहीत नव्हतं," डेनिस थांबत थांबत म्हणाला. "तुझं माहीत होतं. कुणीतरी येईल म्हणून हेझल रोज वाट बघायची रे. मला ते बघवत नव्हतं."

रोलंडचे कान तापले. डेनिस रागावला असता, त्याने चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. चाक परत ठेवतो, असं तो कसंबसं पुटपुटला.

"बसव मुकाट्याने," डेनिस म्हणाला. "आणि बसवल्यावर मला चक्कर मारून आण."

रोलंडने ते बसवलं. पुढच्या मंगळवारी त्याने डेनिसला आधार देऊन शेजारच्या सीटवर बसवलं, त्याच्यासाठी मुद्दाम लावून घेतलेला पट्टा बांधला आणि केनिलवर्थ गावापर्यंत नेऊन आणलं. परत येताना वळणावर डेनिस म्हणाला, की अजून तू गिअर उशिरा बदलतोस. ते घरी पोचले तेव्हा हेझल फाटकात शेजारणीशी बोलत उभी होती. हाच तो आमचा रोलंड, असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं ती शेजारणीला सांगत होती. डेनिसने ऐकलं, पण तिची समजूत खोडली नाही. रोलंड खाली वाकून त्याचा पट्टा सोडवू लागला, आणि पट्टा सुटल्यावरही बराच वेळ तसाच वाकून राहिला.