फोन लागेपर्यंत

"हॅलो, कोन बोली ऱ्हायनं?"

"नवल, मी प्रेमराज."

पलीकडे बायकांची कुजबुज चालली होती, ती एकदम थांबली. रेंज गेली असं वाटून प्रेमराज फोन खाली घेणार, तोच त्याचा धाकटा भाऊ किंचाळल्यासारखा ओरडला, "भाऊ! तू जित्ता शे?"

प्रेमराज हसला. "माले काय व्हई? आठे भाजी रांधी ऱ्हायनू."

ते खरंच होतं. प्रेमराज लष्करात स्वयंपाकी. मे महिन्यात लढाई सुरू झाली तेव्हा त्याची तुकडी सीमेपासून बरीच मागे, एका रिकाम्या शाळेत उतरली होती. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन जमा करून घेतले. मग कणीक मळायची, कांदे चिरायचे, दुपारी ट्रकच्या सावलीत अंग टाकायचं. लांबवर कधीतरी धडाम व्हायचं, पत्र्यावरची धूळ झडायची, आणि तो वरणावर झाकण ठेवायचा. लढाई अशीच संपली, आणि फोन परत मिळाले. घरी गेल्यावर सांगायचं काय, याचीच त्याला थोडी लाज वाटत होती.

नवल रडत रडत सांगू लागला. गावच्या ग्रुपवर प्रेमराजचा वर्दीतला फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसऱ्याच जिल्ह्यातला, त्याच नावाचा, त्याच आडनावाचा एक जवान गेला होता. कुणीतरी नाव वाचलं, प्रेमराजचा जुना फोटो शोधून लावला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"मेघाले फोन दे."

"वहिनी काल्दिनपशी बोलत नही, भाऊ."

"आनि माय?"

"माय बी."

प्रेमराज लंगरमध्ये, तुकडीच्या स्वयंपाकघरात, परतला. डाव हातात धरून उभाच राहिला. वरण बुडाला लागल्याचा वास सगळ्या आवारात पसरला, तेव्हा हवालदारानं येऊन गॅस बंद केला. "क्या हुआ, पाटील?" असं त्यानं दोनदा विचारलं.

जूनमध्ये रजा मिळाली. सोनगीरला एसटीतून उतरला तर लोकांनी त्याचे हात धरून धरून पाहिले. "तुन्हं आयुष्य वाढनं रे!" असं म्हणत सगळे हसले. तोही हसला.

घराच्या दारात झुंबरबाईनं लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून ती रडली. मेघानं पाण्याचा तांब्या आणून दिला. तिचे हात बिनबांगड्यांचे होते. डाव्या मनगटावर कापल्याचे दोन व्रण होते, अजून लालसर.

जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत त्यानं विचारलं, "हे काय?"

मेघा अमळनेरची, बारावीपर्यंत शिकलेली. घरात सगळे अहिराणी बोलत, पण त्याच्याशी ती शाळेतल्या मराठीतच बोलायची.

"बांगड्या फोडल्या तेव्हा लागलं."

"कोणी फोडल्या?"

"आईंनी."

प्रेमराज भिंतीला टेकला. आईला विधवा होऊन वीस-एक वर्षं झाली होती. मेघाला तिनंच पसंत करून आणलं होतं, सणाला तिच्या हातात बांगड्याही तीच भरायची.

"तुला राग आहे तिचा?"

"नाही. त्यांना त्यांचं तरी कुठे भान होतं?" मेघा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी म्हणत होते, लष्कराच्या ऑफिसला फोन लावा, कुणाला तरी विचारा. हे खरं नाही. किती ओरडले! जमलेल्या बायका म्हणाल्या, हिला धक्का बसलाय. दोघींनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. फोन मात्र एकानंही लावला नाही." तिनं पदर सोडून दिला. "मग माझाही विश्वास बसला हो. मीच दुसरा हात पुढे केला."

त्या वेळी आपण काय करत होतो, हे प्रेमराज आठवू लागला. बहुतेक जेवत होतो. किंवा झोपलो होतो.

"तुमचा फोन आला ना," ती म्हणाली, "तेव्हा मला आनंद नाही झाला. काहीच नाही झालं. अजूनही होत नाही. मी काय करू?"

बाहेर मित्र जमले होते. त्याला हाका मारत होते, हसत होते. तो उठला नाही.

थोड्या वेळानं झुंबरबाई चहा घेऊन आली. तिनं सुनेसमोर कप ठेवला, पण हाक मारली नाही. जायला वळली, मग तिथेच उंबऱ्याला टेकून बसली. मेघानं कप उचलला. बशीत अर्धा चहा ओतला आणि बशी सासूकडे सरकवली. दोघी एकमेकींकडे न बघता चहा पिऊ लागल्या.