ठमाबाईच्या बटाट्यावरची करणी

रहाटाच्या विहिरीपाशी त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की रहाट ओढणाऱ्या रेड्याला फिरायला जागा उरली नव्हती. तोही बापडा थांबून अंबाजीबुवांकडे बघत होता.

बुवा कठड्यावर मांडी घालून बसले होते. समोर केळीच्या पानावर मनुबाईचा मुळा, सोनाबाईची काकडी, येसाजी पाटलाच्या वाडीतला दुधी आणि या सगळ्यांपासून जरा लांब, वाळीत टाकल्यासारखा, ठमाबाईचा बटाटा. बुवांच्या हातात नारळाची करवंटी होती आणि तिच्यात तपकिरी तीर्थ.

"सात दर्यांचं पाणी हाय ह्ये," बुवा सांगत होते. "पयल्या दर्याचं मी गेल्या जन्मी आणलं, बाकीचं या जन्मी. भाजीत पाप नसंल तर तीर्थ गप ऱ्हातं. करणी असंल तर भाजी लाजंनं काळी पडते."

त्यांनी मुळा चिरून त्यावर तुळशीच्या काडीनं तीर्थ शिंपडलं. मुळा जरासा पिवळसर झाला, एवढंच. काकडी तशीच, दुधीही तसाच. मग बुवांनी बटाटा कापला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि तीर्थाचा थेंब टाकला. बघता बघता फोडीवर शाई सांडावी तसा निळाकाळा डाग पसरला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

ठमाबाईची जीभ गावात प्रसिद्ध होती. पण तो डाग बघून तीही मागे सरकली. सोमवारी मनुबाईची वांगी बघून आपण 'बरी धरलीत' म्हणालो होतो, हे तिला आठवलं. त्यानंतर त्यातली दोन गळून पडली होती. मीच की काय, असं तिच्या मनात आलं.

झालं होतं असं. शेतकी खात्याच्या माणसानं यंदा थंडीच्या तोंडाला गावात बटाट्याचं बियाणं वाटलं होतं. बटाटा सगळ्यांनी बाजारात बघितलेला, झाड कुणीच नाही. गाव भातवाल्यांचं. त्यांना पीक म्हणजे भात एवढंच ठाऊक. म्हणून प्रत्येकानं परसातल्या वाफ्याला चारी बाजूंनी पक्का बांध घातला आणि घोट्याएवढं पाणी कोंडून ठेवलं. सगळ्यांचे बटाटे जमिनीतच कुजले. ठमाबाईच्या वाफ्यात मात्र झाडं गुडघ्याएवढी झाली. एकट्या, लंगडणाऱ्या विधवेला हे जमतं कसं, याचं उत्तर गावाला सापडेना, तेव्हा गावानं बुवा आणले.

बुवांनी निकाल दिला. या बाईनं नजरेनं साऱ्या गावाचे बटाटे खाल्ले. आजपासून तिची विहिरीच्या पाण्याची पाळी बंद. आणि तिचे सगळे बटाटे खणून गोणीत भरायचे. ते रेवदंड्याच्या खाडीत बुडवायचं जोखमीचं काम बुवा स्वतः करणार होते, एकटे. रिकाम्या गोण्या त्यांनी बरोबर आणल्याच होत्या.

पाळी गेली तर वांगी, तोंडली, लाल माठ, सगळं आठवड्यात करपणार. ठमाबाईचं पोट त्या वाफ्यांवर होतं. तिनं येसाजीकडे बघितलं. येसाजीनं रेड्याकडे बघितलं.

तेवढ्यात शाळेच्या केसरबाई आल्या. वर्गात एकही मूल नव्हतं, म्हणून मुलं शोधायला निघालेल्या. त्या बुवांजवळ गेल्या आणि करवंटीवर वाकून त्यांनी वास घेतला. पोरांच्या फुटलेल्या ढोपरांना याच वासाचं औषध त्या रोज लावत असत.

"बुवा, तुमच्या जेवणावर जरा तीर्थ शिंपडता का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मनुबाईनं बुवांसाठी भाताचं पान आणून ठेवलं होतं. अन्नाची परीक्षा बघू नये, असं बुवा म्हणाले. भाताच्या पापाची भीती वाटते का, असं बाईंनी विचारलं. लोक हसले. तेवढ्यात ठमाबाई लंगडत पुढे झाली आणि तिनं करवंटीतलं थोडं तीर्थ सरळ भातावर ओतलं. भात काळाशार झाला.

"माज्या घरचा भात हाय तो," मनुबाई घाबरून म्हणाली.

करणी आता भातापर्यंत पोचली, असं बुवांनी लगेच जाहीर केलं. हा काय चावटपणा, म्हणत येसाजी पाटील मध्ये पडला आणि त्यानं करवंटी ओढली. तीर्थ उडालं ते त्याच्याच पांढऱ्याशुभ्र टोपीवर. टोपीवर निळेकाळे ठिपके उठले.

"पाटील, करणी डोसक्यात गेली तुमच्या," मागून कुणीतरी म्हणालं.

येसाजीनं टोपी काढून बायकोला विचारलं, यात काय घातलंस?

"भाताची पेज," कोकिळा म्हणाली. "दर वेळी घालतंय. न्हायतर तुमची टोपी डोसक्यावर उभी ऱ्हाईल व्हय?"

हशा थांबेपर्यंत केसरबाई थांबल्या. मग त्यांनी सांगितलं, की हे जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन आहे, पाणी घालून पातळ केलेलं. बटाट्यात, भातात, पेजेत पिष्ट असतं. पिष्टाला आयोडीन लागलं की ते निळंकाळं होतं. मुळ्यात, काकडीत, दुधीत ते जवळजवळ नसतंच. बाजारातून कुणाचाही बटाटा आणा, तोही काळा पडेल. "तीर्थानं बाई ओळखली नाही, भाजी ओळखली."

"आणि निकाल लागायच्या आधी गोण्या कशाला आणलेल्या?" ठमाबाईची जीभ जागेवर आली होती.

याचं उत्तर आठवायला बुवा गर्दीतून जे निघाले, ते माडांच्या पलीकडे दिसेनासे झाले.

"पण आमचे बटाटे कुजले कशानं?" येसाजीनं विचारलं.

बाईंनी ठमाबाईला विचारलं, तुम्ही पाणी किती घातलंत?

"घातलं कुठं? पाळीचं पाणी वांग्या-माठातच सरतं. बटाट्याला घागर न्यायची तर गुडघा विहिरीवर येऊ देल तवा ना. कवातरी आठवड्याला चार घागरी."

सगळे आपापल्या बांधांकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, बटाट्याला ओल लागते, तळं लागत नाही. "काही काळं पडलं, काही कुजलं, तर आधी कशानं ते शोधा. बाईमाणसाचं नाव घेणं सोपं असतं, म्हणून ते खरं होत नाही."

ठमाबाईची पाळी येसाजीनं तिथल्या तिथे चालू ठेवली. दुपारी मनुबाई कुंपणापाशी येऊन घुटमळली. पुढच्या सालाला बियाण्यापुरते बटाटे देशील का, असं तिनं विचारलं. ठमाबाईनं तिची ओटी भरून दिली.

"रागावू नको ठमे," मनुबाई म्हणाली. "पण माज्या वांग्यांकडं बघितलंस तवाच ती गळली, म्हून वाटलं."

ठमाबाई वाफ्यात फतकल मारून बसली होती. तिनं मुठीतलं तण उपटून बांधावर फेकलं.

"माज्या नजरेनं झाडं मरली असती तर मी या गवताकडंच नसते का बघत बसले? कशाला खुरपत बसले असते?"