दाखवायचा स्वेटर

"ओढा ताई, जोरात ओढा. फाटला तर माझ्याकडे लागला."

बाईंनी स्वेटरची बाही दोन्ही हातांत धरून बेतानेच ओढली आणि सोडली. बाही मुकाट्याने जागेवर आली. मग मी मनगटाची पट्टी ताणून सोडली, तीही झटकन मिटली. पाठ उलटी करून शिवण दाखवली, तळहाताने खसाखसा घासून गोळे येत नाहीत हे दाखवलं. बावीस वर्षं गरम कपड्यांच्या दुकानात उभा आहे मी, हा खेळ झोपेतही करून दाखवीन. गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणतात, कारण स्वेटर कसा धुवायचा हे शिकवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, मग त्याची बस चुकली तरी बेहत्तर.

या बाई शाळेच्या फाटकासमोर उभ्या असतात. सकाळी मुलं रस्ता ओलांडतात तेव्हा हात आडवा करून गाड्या थांबवतात. स्वेटर अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी हवा होता.

"जेवताना सांडतं हो अंगावर. दिवसाआड धुवावा लागणार. भारीतला झेपत नाही, आणि दर थंडीला नवा घ्यायचा तर तेही झेपत नाही. टिकेल ना?"

"माझ्या घरी हा स्वेटर दर रविवारी धुतला जातो. डोळे मिटून घ्या."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. त्यांच्या हातात होता तो दाखवायचा स्वेटर, नऊ वर्षांपूर्वीच्या मालातला. तेव्हा सूत चांगलं यायचं. पुढे कारखान्याने सूत बदललं. रंग, वीण, लेबल सगळं तेच ठेवलं. मालकांनी जुन्यातला एक नग काढून काउंटरखाली ठेवला. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा तो हा, आणि पिशवीत घालायचा तो वरच्या फळीवरचा. येणाऱ्याजाणाऱ्याचे हात लागून तो मळायचा, म्हणून मी शनिवारी घरी न्यायचो आणि रविवारी बायको धुऊन द्यायची. आधी आधी मनाला लागायचं. मग सवय झाली.

"तुम्हाला पॅकबंद देतो," मी म्हणालो आणि फळीवरचा काढला. पॅकबंद म्हटलं की माणूस वर खूशच होतो.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या.

"परत करायला नाही आले हं," त्यांनी पायरीवरूनच सांगितलं. गल्ल्यावर मालकांनी वर केलेली मान पुन्हा खाली घातली.

बाईंनी पिशवीतून स्वेटर काढून काउंटरवर पसरला. स्वच्छ धुतलेला होता. बाह्या लोंबून गुडघ्यापर्यंत आल्या असतील, मनगटाच्या पट्ट्या आ वासून पडलेल्या, पाठभर गोळे. ते गोळे कात्रीने काढताना दोन ठिकाणी भोकं पडली होती आणि ती त्यांनी त्याच रंगाच्या दोऱ्याने इतकी सुबक रफू केली होती, की मला तिथून नजर काढून घ्यावी लागली.

"मास्तर, मला नीट धुवायला शिकवा. माझंच काहीतरी चुकतंय. वहिनी म्हणते, हिच्या हाताला काही टिकत नाही." त्या थोडं हसल्या. "बाबांना मात्र गंमत वाटते. हात सापडत नाही म्हणतात, नि नुसती बाही हलवून मला टाटा करतात."

"पिळला होता का?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"छे! टॉवेलात गुंडाळून दाबला. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग दोरीवर टांगला असेल."

"खाटेवर आडवा वाळवला. म्हणून मी खाली सतरंजीवर झोपते ना."

"ब्रश? सोडा?"

"काही नाही हो."

बावीस वर्षांत माझं इतकं ऐकणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. ताई, तुमचे हात चांगले आहेत, सूत वाईट आहे, एवढंच म्हणायचं होतं. दहा पावलांवर मालक बसले होते. मी घसा साफ केला.

"पाणी कसं होतं?"

"गारच. म्हणजे..." त्या आठवू लागल्या. "एकदा कोमट केलं होतं. हात फार बधिर झाले होते त्या दिवशी."

"तेच," मी म्हणालो. "तेच नडलं."

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा! म्हणजे माझीच चूक. सांगते वहिनीला. आणखी एक द्या मास्तर, आता गारच पाणी, काय वाटेल ते होवो."

मी खाली वाकलो आणि फळीवरच्याऐवजी काउंटरखालचा स्वेटर उचलला. नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड चिकटवलं आणि त्यांच्या हातात दिला. मालकांना संध्याकाळी सांगितलं, गर्दीत चुकून गेला. ते दोन दिवस धुसफुसले आणि मग मला फळीवरचाच एक दाखवायला दिला. "बेताने ओढत जा," म्हणाले.

खरं सांगायचं तर रविवारपर्यंत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. रविवारी बायकोने विचारलं, "दुकानातला स्वेटर कुठाय?" मी सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनेच. ती बादलीपाशी उभी राहून ऐकत होती.

"कोमट पाणी नडलं म्हणालात?"

"काहीतरी म्हणायला हवं होतं ना."

"मी तो कोमट पाण्यातच धुते," ती म्हणाली. "नऊ वर्षं."

एवढंच बोलून ती कामाला लागली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा बाई तिसऱ्यांदा आल्या. सोबत शाळेतल्या शिपाईबाई होत्या, त्यांना सासऱ्यांसाठी स्वेटर हवा होता. बाईंनी मुद्दाम वडिलांचा स्वेटर पिशवीत घालून आणला होता.

"बघा मास्तर! दिवसाआड धुतलाय. एक गोळा दिसतो का? तुमचं खरं होतं. पहिला मीच माझ्या हाताने घालवला."

मी स्वेटरकडे बघितलंच नाही. त्यांचे हात बघत होतो. बोटांच्या पेरापेरांवर भेगा पडल्या होत्या, दोन बोटांना चिकटपट्टी होती, अंगठ्याची भेग लालभडक दिसत होती.

"हाताला काय झालं?"

"गार पाणी. बाबांना मऊ लागतो हो हा, त्यापुढे हाताचं काय घेऊन बसलात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मालक गल्ल्यावरच होते. असू देत, म्हटलं.

"ताई, कोमट पाण्यात धुवा. काही होत नाही. तुमचं तेव्हाही काही चुकलं नव्हतं, पहिल्याचं सूतच वाईट होतं."

मालकांनी पेन खाली ठेवलं. बाई हसल्या.

"दोन्ही याच दुकानातले, दोन्हींवर लेबल एकच. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय, कळतंय मला."

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मालक उठून उभे राहिले आणि ते वाक्य मी गिळलं.

"माणूस मन राखणारा आहे," बाई शिपाईबाईंना म्हणाल्या. "पण तू ऐकू नकोस. पाणी गारच घे. बघ, ओढून बघ, घाबरू नकोस."

आणि त्यांनी स्वतःच, अगदी मी करतो तशी, मनगटाची पट्टी ताणून सोडली. पट्टी झटकन मिटली, पण लोकरीचा एक धागा त्यांच्या अंगठ्याच्या भेगेत अडकला. त्यांचा चेहरा कळवळला. मग श्वास रोखून, स्वेटरला धक्का लागू नये अशा बेताने, त्यांनी तो हलकेच सोडवला.